माहीमची रेडिफ, देवरूखचा पत्ता

मुंबईत माहीमला, लेडी जमशेटजी रस्त्याच्या पहिल्या आडरस्त्यावर, महालक्ष्मी इंजिनियरिंग इस्टेट नावाची औद्योगिक इमारत आहे. कोकणातून मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांनी अशा इमारतींत आयुष्ये काढली. याच इमारतीतून रेडिफ डॉट कॉम ही कंपनी चालली. भारतातली इंटरनेटवरची पहिली मोठी बातमीसंस्था इथे वाढली, इथूनच ती अमेरिकेच्या शेअरबाजारात गेली आणि परतही आली.

आपल्या देवरूख गावच्या संस्थांचा इतिहास आपण पुन्हा पुन्हा लिहितो, आणि तो लिहायलाच हवा. इंदिराबाई हळबे यांनी १९५४ साली उभे केलेले मातृमंदिर असो की आठल्ये-सप्रे-पित्रे महाविद्यालय, त्यांची कहाणी प्रत्येक पिढीला नव्याने सांगावी लागते. रेडिफचा फलक मात्र देवरूखात कधी लागला नाही. तरीही गावच्या या स्मरणिकेत तिला जागा मिळावी असा आग्रह मी धरला. आपल्या संगमेश्वर तालुक्यातल्या कितीतरी माणसांना आणि कार्यालयांना संगणकावरचा पहिला पत्ता या कंपनीने दिला, आणि तोही फुकट. अशा संस्थेचे काय झाले, का झाले, हे आपल्याला माहीत असायला हवे.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले. आरंभ मोजक्या महानगरांत झाला. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या या सेवेचा वेग सेकंदाला ९.६ किलोबिट होता. पडद्यावर चित्रे दिसणारी जोडणी हवी असेल तर वर्षाला १५,००० रुपये भरावे लागत. तेव्हा तेवढ्या पैशांत आपल्याकडे एखाद्या घराचे वर्ष निघत असे. देशभरचे ग्राहक हजारांत मोजावेत एवढेच. अशा वेळी, १९९६ च्या जानेवारीत, कंपनीची नोंदणी झाली आणि फेब्रुवारीत ‘रेडिफ ऑन द नेट’ सुरू झाले.

संस्थापक अजित बालकृष्णन मूळचे केरळमधल्या कन्नूरचे. कलकत्त्याच्या आयआयएममधून शिकून ते मुंबईत आले. १९७३ साली अरुण नंदा आणि मोहम्मद खान यांच्याबरोबर त्यांनी रेडिफ्यूजन ही जाहिरात संस्था काढली. एव्हरेडी सेलची ‘गिव्ह मी रेड’ ही जाहिरात आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ती याच संस्थेची. नव्या कंपनीचे नावही तिथूनच आले. पण नावापेक्षा मोठी गोष्ट तिथून आली, ती म्हणजे धंद्याचा विचार. जाहिरातीच्या व्यवसायात वाढलेल्या माणसाला वर्तमानपत्र म्हणजे वाचक गोळा करणारी जागा, आणि गोळा झालेले वाचक म्हणजे जाहिरातदाराला विकता येणारा माल, असेच दिसणार. त्यात गैर काही नाही. छापील वर्तमानपत्रे शंभराहून अधिक वर्षे याच हिशेबावर चालली आहेत. रेडिफने तोच हिशेब नव्या माध्यमावर मांडला. तो कुठे जुळला आणि कुठे फसला, यातच या संस्थेचा इतिहास आहे.

संपादकपदी निखिल लक्ष्मण आले. ते छापील पत्रकारितेतून आलेले आणि नियतकालिकांत नाव कमावलेले संपादक होते. त्या काळी बहुतेक वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर सकाळच्या छापील अंकातलाच मजकूर उचलून ठेवलेला असे. रेडिफने स्वतःचे बातमीदार नेमले, स्वतःच्या मुलाखती घेतल्या आणि घटना घडत असताना बातमी चढवण्याची सवय लावली. प्रेम पणिकर यांचे क्रिकेटवरचे लेखन वाचायला अमेरिकेतले भारतीय अभियंते रात्र जागवत. १९९९ चे कारगिल युद्ध परदेशातल्या असंख्य भारतीयांनी रेडिफच्या पानांवरून पाहिले. आशा भोसले यांच्या कन्या वर्षा भोसले यांचे तिखट स्तंभ, अरविंद लवकरे यांचे राजकारणावरचे आणि खेळावरचे लेख, त्यांच्या विरुद्ध टोकाचे दिलीप डिसोझा, हे सारे एकाच छताखाली छापून येत. वाचकांची पत्रे काही तासांत येत आणि त्यांत वाद पेटत. छापील साप्ताहिकाला पत्र पाठवून दोन आठवडे वाट पाहणाऱ्या आपल्यासारख्यांना त्यातले नावीन्य चटकन कळेल. मला रेडिफचे सर्वांत मोठे काम हेच वाटते. नव्या माध्यमात पगारी बातमीदार असू शकतो, त्याला पत्रकार म्हणून मान मिळू शकतो, हे या संस्थेने इतरांच्या आधी दाखवले.

कारगिलच्याच वर्षी या संस्थेमुळे कायद्यातही एक पायंडा पडला. सायबरबूथ नावाच्या कोणी ‘रॅडिफ डॉट कॉम’ असे एका अक्षराने वेगळे नाव नोंदवले होते. रेडिफ मुंबई उच्च न्यायालयात गेली. संकेतस्थळाचे नाव म्हणजे नुसता पत्ता नव्हे, ती व्यापारी ओळख आहे आणि तिला व्यापारचिन्हासारखेच संरक्षण मिळाले पाहिजे, असे न्यायालयाने १९९९ साली म्हटले. आज एखाद्या पतसंस्थेच्या नावाशी मिळतेजुळते खोटे संकेतस्थळ कोणी काढले, तर वकील ज्या निकालांचा आधार घेतात, त्यांतला हा अगदी आरंभीचा.

पैशाची बाजू मात्र पहिल्यापासून अवघड होती. २००० साली भारतात इंटरनेट वापरणारे लोक लोकसंख्येच्या अर्ध्या टक्क्याच्या आसपास होते. एवढ्या थोड्या लोकांसमोर झळकणाऱ्या जाहिरातीला साबण किंवा बिस्किटे विकणारा उत्पादक किती पैसे देणार? उरले परदेशातले भारतीय. त्यांच्या हाती डॉलर होते, घरी जलद जोडणी होती आणि मायदेशाची ओढ होती. रेडिफने त्यांच्यासाठी अमेरिकेची वेगळी आवृत्ती काढली. ड्रेपर, इंटेल आणि वॉरबर्ग पिंकस या अमेरिकी गुंतवणूकदारांनी भांडवल घातले. मग जून २००० मध्ये कंपनी थेट नॅसडॅक या अमेरिकी शेअरबाजारात नोंदली गेली. १२ डॉलर भावाने समभाग विकून पाच कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी राहिली.

ती वेळ नीट पाहिली पाहिजे. नॅसडॅकचा निर्देशांक १० मार्च २००० रोजी पाच हजारांवर पोहोचला आणि तिथून घसरू लागला. ऑक्टोबर २००२ पर्यंत तो अकराशेच्या आसपास आला. म्हणजे रेडिफ बाजारात पोहोचली ती फुगा फुटल्यावर तीन महिन्यांनी. त्याच्या आदल्याच नोव्हेंबरात सत्यम इन्फोवेने राजेश जैन यांची इंडियावर्ल्ड ही संकेतस्थळे ४९९ कोटी रुपयांना घेण्याचा करार केला होता आणि सगळ्या देशाचे डोळे विस्फारले होते. सहा महिन्यांचा फरक किती मोठा असतो ते या दोन व्यवहारांतून कळते. रेडिफला पैसे मिळाले हे तिचे नशीब; त्या पैशांमुळेच पुढचा दुष्काळ तिला काढता आला. पण त्या पैशांबरोबर अमेरिकी भागधारक आले, डॉलरमधले तिमाही ताळेबंद आले आणि २००१ साली तिकडच्या न्यायालयातला भागधारकांचा दावाही आला. माहीममध्ये बसून न्यूयॉर्कला दर तीन महिन्यांनी उत्तर द्यायचे, हे ओझे संस्थेच्या प्रत्येक निर्णयावर राहिले असे मला वाटते.

२००१ मध्ये रेडिफने न्यूयॉर्कचे ‘इंडिया अब्रॉड’ विकत घेतले. गोपाल राजू यांनी १९७० साली सुरू केलेले हे साप्ताहिक अमेरिकेतल्या भारतीयांचे जुने, मान्य पत्र होते. एका बाजूने पाहिले तर हा शहाणपणाचा सौदा होता. छापील पत्राला वर्गणीदार होते, लग्नाच्या आणि किराणा दुकानांच्या जाहिराती होत्या, रोख पैसा होता. पण त्या सौद्याने कंपनीचे तोंड आणखी पश्चिमेकडे वळले. जो वाचक आज पैसे देऊ शकतो त्याच्याकडे ती गेली. जो दहा-पंधरा वर्षांनी कोटींच्या संख्येने येणार होता, तो तिच्या दाराशी उभा असूनही मागे राहिला.

तो दुसरा वाचक म्हणजे आपण.

देवरूख तेव्हा कसे होते? कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्गावर सुरू झाली आणि संगमेश्वर रोड स्थानकात उतरून एसटीने किंवा सहा आसनी रिक्षाने गावात येण्याची सोय झाली. मुंबईच्या बातमीसाठी मुंबईहून आलेले वर्तमानपत्र, मुलाच्या खुशालीसाठी एसटीडी बूथ आणि पैशांसाठी मनीऑर्डर. नोव्हेंबर १९९८ मध्ये सरकारने खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवेची परवानगी दिली, पण त्या शहरांत अडकल्या. तालुक्याच्या गावी जे आले ते टेलिफोन खात्याचे, पुढे बीएसएनएलचे डायल-अप. पावसात लाइन गेली की तेही नाही. मग सायबर कॅफे आले. तिथे तासावर पैसे देऊन बसणाऱ्या मुलांनी पहिली गोष्ट केली, ती म्हणजे मेल आयडी काढणे. आंबवच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणारी मुले असोत, आखाती देशांत नोकरीचा अर्ज करणारा वायरमन असो की मुंबईच्या मुलाने गावच्या वडिलांसाठी काढून दिलेला पत्ता असो, त्यात रेडिफमेल फार असे. हॉटमेल आणि याहू होतेच. पण रेडिफचे पान हळू जोडणीवरही बऱ्यापैकी उघडे, आणि ‘आपल्या मुंबईची कंपनी’ हा विश्वासही होता.

व्यक्तींच्या मागून संस्था आल्या. शाळा, पतसंस्था, दूध संस्था, ग्रामपंचायत, देवस्थान ट्रस्ट, वकील, सनदी लेखापाल. जिल्हा परिषदेकडून किंवा सहकार खात्याकडून ‘ईमेल कळवा’ असे पत्र आले की कार्यालयातला संगणक जाणणारा एक तरुण रेडिफवर पत्ता काढी आणि तो लेटरहेडच्या पुढच्या छपाईत टाकला जाई. एकदा छापलेला पत्ता कोण बदलतो? परवान्यांवर तोच, बँकेत तोच, लेखापरीक्षकाकडे तोच. मोठ्या शहरातला तरुण २००४ नंतर जीमेलकडे गेला. गूगलने १ एप्रिल २००४ ला एक जीबी जागा जाहीर केली, रेडिफनेही लगेच तेवढीच जागा देऊ केली, पण शहरी तरुण परत आला नाही. तालुक्याच्या संस्था मात्र तिथेच राहिल्या. महाराष्ट्रातल्या सरकारी याद्या, महाविद्यालयांच्या माहितीपुस्तिका, सहकारी संस्थांचे अहवाल काढून बघा, रेडिफमेलचे पत्ते आजही दिसतात. एखाद्या माध्यमसंस्थेला इतका टिकाऊ ग्राहक क्वचित मिळतो.

माझा मुख्य मुद्दा इथे आहे. रेडिफच्या हाती दोन भांडवले होती. एक, तिची बातमीदारी. दुसरे, लहान गावांतल्या कार्यालयांचा पत्ता. या दोन्ही गोष्टी तिने एकत्र आणल्या असत्या, म्हणजे पत्त्यासाठी रोज येणाऱ्या माणसाला त्याच्या भाषेतली, त्याच्या जिल्ह्याची बातमी दिली असती, तर तिचा इतिहास वेगळा झाला असता. देवरूखच्या पतसंस्थेचा व्यवस्थापक रोज सकाळी रेडिफ उघडत होता. त्याला तिथे हिंदी चित्रपट, क्रिकेट आणि दिल्लीचे राजकारण इंग्रजीत दिसे. तो आपली मेल पाहून बाहेर पडे. भातखरेदीचा भाव, आंब्यावरच्या तुडतुड्यांचा इशारा, मुंबई-गोवा महामार्गाचे काम, जिल्हा बँकेची निवडणूक यांसाठी तो पुन्हा रत्नागिरीच्या छापील दैनिकाकडेच वळे. रेडिफने हिंदी, गुजराती, तमिळ, तेलुगू अशी दालने उघडून पाहिली, पण कणा इंग्रजीचाच राहिला.

यात सगळा दोष कंपनीचा नाही, आणि हे स्पष्ट लिहिणे मला गरजेचे वाटते. तेव्हा मराठी अक्षर पडद्यावर आणणे हेच कष्टाचे काम होते. प्रत्येक संकेतस्थळाचा फाँट वेगळा. तो आधी संगणकावर उतरवून घ्या, नाहीतर पडद्यावर नुसती चिन्हे दिसणार. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून होती, पण विंडोजच्या २००० सालच्या आवृत्तीपर्यंत ती नीट चालत नव्हती आणि गावातले संगणक त्याहून जुने होते. शिवाय मराठी वाचकासाठी जाहिरात देणारा कोण? रत्नागिरीचा सराफ स्थानिक दैनिकाला जाहिरात देई. त्याला ‘पेज व्ह्यू’ समजावून सांगायला माहीमहून कोणी येणार नव्हते. जाहिरातीवर जगणाऱ्या संस्थेला हा प्रदेश कोरडाच दिसला असणार.

इंग्रजीत राहूनही तिने हातपाय कमी मारले नाहीत. खरेदी, लिलाव, पुस्तके, शोधयंत्र, विवाहजुळणी, नोकऱ्या, मोबाइलवरच्या सेवा, मित्रजाल, चित्रफिती असे जवळपास सगळे तिने करून पाहिले, आणि पुष्कळदा इतरांच्या आधी. फ्लिपकार्ट २००७ साली पुस्तके विकू लागले. रेडिफ त्याच्या कितीतरी आधीपासून विकत होती. तरीही यातले एकही दालन देशात पहिले म्हणून टिकले नाही. शेजारी नोकरी डॉट कॉमचे उदाहरण ठेवून पाहा. संजीव बिखचंदानी यांनी १९९७ साली फक्त नोकऱ्यांच्या जाहिराती घेतल्या. पैसे वाचकाकडून किंवा साबणवाल्याकडून नव्हे, तर माणूस हवा असलेल्या कंपनीकडून घेतले. त्या कंपनीला पंधरा लाख वाचक नको होते, पंधरा योग्य अर्ज हवे होते. म्हणून इंटरनेट वापरणारे थोडे असतानाही तो धंदा चालला. २००६ मध्ये इन्फो एज ही त्यांची कंपनी मुंबईच्या शेअरबाजारात आली, आणि तिचे समभाग मुंबई-पुण्यातल्या साध्या गुंतवणूकदारालाही घेता आले. रेडिफचे समभाग माहीमच्या शेजाऱ्यालाही सहज घेता येत नव्हते.

२००६-०७ च्या सुमारास रेडिफला चांगले दिवस आले. जाहिराती वाढल्या, कंपनी नफ्यात आली. पण तोवर दुसरीकडून पाया खचत होता. पूर्वी जाहिरातदार पानाची जागा विकत घेई. गूगलने माणूस जे शोधतो आहे त्याच क्षणी, त्याच शब्दाशेजारी जाहिरात लावली आणि कोणी बोट लावले तरच पैसे घेतले. पंखा शोधणाऱ्याला पंखा दाखवला जाऊ लागल्यावर बातमीच्या पानावरच्या चौकटीचा भाव उतरणारच. पाठोपाठ फेसबुक आले. वाचक बातमी वाचायला थेट बातमीसंस्थेकडे येईना. कोणीतरी पाठवलेला दुवा उघडून तो परत जाऊ लागला. दारावरचा वाटाच दुसऱ्याने घेतला, तर घरातल्या बातमीदाराचा पगार कुठून द्यायचा? हा प्रश्न एकट्या रेडिफचा नव्हता. जगभरची मोठमोठी पत्रे त्याच पेचात सापडली. रेडिफ त्यात लवकर सापडली, कारण भारतात तिच्यापाशी छापील अंकाचे, विक्रीचे उत्पन्न नव्हते.

एप्रिल २०१६ मध्ये रेडिफने नॅसडॅकवरून माघार जाहीर केली. ‘इंडिया अब्रॉड’ही त्याच सुमारास विकले गेले. आणि त्याच वर्षी ५ सप्टेंबरला जिओ सुरू झाले. काही महिन्यांत देवरूखच्या बाजारपेठेत भाजीवालीच्या हातातल्या फोनवर चित्रफिती चालू लागल्या. ज्या गर्दीची रेडिफने वीस वर्षे वाट पाहिली, ती गर्दी तिची ताकद संपत आली तेव्हा आली. ती मराठीत बोलत होती, मराठीत पाहत होती, आणि तिला सांभाळायला अमेरिकेतल्या कंपन्या तयार होत्या. कंपनीचे इतिहास वाचताना सहसा मन हलत नाही. हे वर्ष वाचताना मात्र मला वाईट वाटते.

तुलनेसाठी मायबोलीचे नाव घ्यायला हवे. अमेरिकेत राहणाऱ्या अजय गल्लेवाले यांनी १९९६ च्या गणेशचतुर्थीला, म्हणजे रेडिफच्याच वर्षी, ती सुरू केली. तिने शेअरबाजाराचा रस्ता धरला नाही. ती मराठीपुरती राहिली, खर्च आवाक्यात ठेवला, ऑनलाइन दिवाळी अंकाची प्रथा रुजवली आणि ती आजही चालू आहे. मायबोलीने बातमीदार नेमले नाहीत, ते तिचे कामही नव्हते. त्यामुळे कोण शहाणे ठरले असा निकाल इथे लावता येणार नाही. पण भाषा ठरलेली असली आणि खर्च लहान असला की संस्था वादळातून निभावते, एवढे त्यातून दिसते.

ऑगस्ट २०२४ मध्ये गांधीनगरच्या इन्फिबीम अव्हेन्यूज या कंपनीने रेडिफचा ५४ टक्के हिस्सा २५ कोटी रुपयांपर्यंतच्या रकमेत घेण्याचे जाहीर केले. इंडियावर्ल्डच्या ४९९ कोटींशेजारी हा आकडा ठेवला की पंचवीस वर्षांतला उतार दिसतो. नव्या मालकांचा व्यवसाय ऑनलाइन पैसे स्वीकारण्याच्या सेवेचा. त्यांनी रेडिफपे नावाने पैशांच्या व्यवहाराची जोड देण्याचे ठरवले आणि कार्यालयांसाठीच्या सशुल्क मेल सेवेवर भर दिला. लहान कार्यालयाचा पत्ता हेच या संस्थेचे टिकलेले धन आहे, हे अखेर कोणाच्या तरी ध्यानात आले, असा मी त्याचा अर्थ लावतो. ते धन संस्थेपाशी आधीपासून होते.

बातम्यांचे पान चालू आहे. मला काळजी वाटते ती जुन्या पानांची. १९९६ पासूनच्या मुलाखती, कारगिलची वार्तापत्रे, वर्षा भोसले यांचे स्तंभ, सामन्यांची वर्णने यांतले पुष्कळ अजून जुन्या पत्त्यांवर उघडते. वाचनालयांत जुन्या दैनिकांचे बांधीव खंड असतात. या मजकुराचा खंड कोणी बांधलेला नाही. मालकी बदलली, सर्व्हर बदलले, की तो एका रात्रीत नाहीसा होऊ शकतो. मुंबई विद्यापीठाच्या किंवा राज्याच्या ग्रंथालय खात्याच्या कोणी मनावर घेतले, तर कंपनीशी बोलून या पानांची एक प्रत सुरक्षित जागी ठेवता येईल. ते काम मालकी आणखी एकदा बदलण्याआधी व्हायला हवे.